कॅलेंडरमागचं फ्रेंच

बारावीला बोर्डात फ्रेंचमध्ये मला शंभरपैकी ९३ पडले. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात मी पुण्यात डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला, तिच्या ए२ पातळीला बसले होते. एका बाईने फोनवर ठेवलेला निरोप ऐकायचा आणि तिचा नंबर लिहायचा, असा एक प्रश्न होता. फ्रान्समध्ये फोन नंबर दहा आकडी असतो आणि तो दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. बाई बोलायच्या थांबल्या तेव्हा माझ्या कागदावर चौदा आकडे होते.

त्याचं असं झालं की फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि ब्याण्णव म्हणजे 'चार-वीस-बारा'. बाई म्हणाल्या 'स्वासाँत-दिझ-ह्वीत', म्हणजे ७८. मी साठ लिहिले, त्यापुढे अठरा लिहिले. मग त्या म्हणाल्या 'कात्र-व्हँ-दूझ'. मी ऐंशी लिहिले, बारा लिहिले. वर्गात हे आकडे शंभरदा म्हटले होते, पण पुस्तकात बघून. कानाने कधी पकडलेच नव्हते. निरोप दुसऱ्यांदा ऐकवला तेव्हा मी खाडाखोड करण्यातच गुंतले होते.

महिन्याभराने सुट्टीत कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. आजी परसात गवऱ्या रचत होती. रचता रचता म्हणाली, ''चार इसा झाल्या, वर धा.'' मी उभीच राहिले. चार विसा आणि वर दहा, म्हणजे नव्वद. कात्र-व्हँ-दिस! म्हटलं, ''आजी, अगं तू फ्रेंचमध्ये मोजतेयस.''

''कशात?'' ती म्हणाली. ''हो बाजूला, उन्हं अडवून हुबी राहिलीस.''

त्यानंतर तो आकडा मी कधी चुकले नाही. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या तिघी-चौघींनी विचारलं की फ्रेंचमध्ये बी. ए. करायचंय, कसं ठरवायचं? दर वेळी फोनवर तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. माझं नियोजन काही आदर्श नव्हतं. बऱ्याच गोष्टी मला त्या चौदा आकड्यांसारख्याच कळल्या.

सुरुवात तर सरळ लबाडीची आहे. आमची बॅच २०२१ ची, म्हणजे दहावीला बोर्डाची परीक्षाच न झालेली. साताऱ्याहून पुण्यात अकरावी कॉमर्सला आले, मावशीकडे राहिले. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीसोबत दुसरी भाषा निवडायची होती. मावसभाऊ म्हणाला, ''मराठी घेऊन पासष्टवर अडकशील. फ्रेंच घे, मार्क पडतात.'' मराठी माझा आवडता विषय, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरात पुस्तकांची दोन कपाटं. तरी मी मराठी सोडली. आई फक्त 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'चे प्रकार ज्यांना माहीत आहेत त्यांना हे 'बरं' कोणतं ते कळेल.

वर्गात शाळेपासून फ्रेंच शिकलेली मुलं पुढच्या बाकांवर आणि आम्ही चार-पाच कोरी पाटीवाले मागे. दिवाळीपर्यंत सगळं डोक्यावरून गेलं. मग लिंगाच्या धड्यापाशी मला पहिल्यांदा मजा आली. इंग्रजी माध्यमातली मुलं वैतागली होती की टेबलाला कसलं आलंय लिंग. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. आपण जन्मापासून तो दरवाजा, ती खिडकी, ते दार असं म्हणत आलोय, आणि कारण कुणी विचारलंच तर 'तसंच असतं' म्हणून सोडून देतो. आपल्याकडे टेबल नपुंसक आणि खुर्ची बाई, तिकडे दोघीही बायका. आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी, मरण नपुंसक. तिकडे मरण ही बाई, आणि तिच्यासाठी वापरायचं सर्वनामही बाईचं. मी वहीच्या मागच्या पानावर अशा शब्दांच्या जोड्या लिहायला लागले. मार्कांशी त्याचा काही संबंध नव्हता.

बारावीच्या ऑगस्टमध्ये घरी सांगितलं की कॉमर्स पुढे नेणार नाही, फ्रेंचमध्ये बी. ए. करणार. बाबा एलआयसीचे एजंट. त्यांचा पहिला प्रश्न, ''मॅच्युरिटी कधी?'' म्हणजे यातून पैसे कधी सुटणार. थट्टा नव्हती, ते खरंच तसा विचार करतात. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं, पालथं घातलं आणि पट्टीने तीन रकाने आखले. (या कामाला कालनिर्णय चालत नाही, त्याच्या पाठीवर काही ना काही छापलेलं असतंच.) रकान्यांची नावं: पुणे, दिल्ली-हैदराबाद, फ्रान्स. खाली आडव्या ओळी: खर्च, वर्षं, काय यायला हवं, शेवटी काय मिळतं.

फ्रान्सचा रकाना सगळ्यात आधी भरला, कारण तो सगळ्यात मोहाचा होता. तिकडे पदवीला 'लिसाँस' म्हणतात, तीन वर्षांची. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत २०१९ पासून वेगळी फी लागते. आमच्या वेळी पदवीला वर्षाला २,७७० युरो होती. तेव्हा युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वादोन लाख. बाबा म्हणाले, ''बघ की, इथल्या इंजिनिअरिंगला याहून जास्त मोजतात लोक.'' मग व्हिसाची ओळ आली. राहण्या-खाण्यासाठी महिन्याला ६१५ युरो आहेत हे तेव्हा दाखवावं लागायचं, म्हणजे वर्षाचे ७,३८०, सहा लाखांच्या जवळ. दोन्ही मिळून वर्षाला आठ लाखांच्या पुढे, गुणिले तीन. विमानभाडं वेगळं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण तो रकाना पैशांमुळेच बाद झाला असं नाही. 'काय यायला हवं' या ओळीत बी२, म्हणजे ए२ च्या दोन पायऱ्या वरची पातळी, लिहावी लागली, कारण तिथली फ्रेंचमधून शिकवली जाणारी पदवी साधारण त्या पातळीशिवाय मिळत नाही, आणि मी ए२ च्या उंबरठ्यावर. त्याहून मोठी गोष्ट आईच्या लक्षात आली. ती म्हणाली, ''अगं, तिथल्या मुलांचं फ्रेंच साहित्य म्हणजे आपल्याकडचं मराठीचं बी. ए. तिथं कुणी भाषा शिकवत बसणार नाही. पहिल्या दिवसापासून थेट साहित्य. तुझं तिथं काय होईल?'' तोवर मी फ्रेंचच्या पदवीचा एकच एक विषय म्हणून विचार करत होते. बाबांनी रकाना खोडला नाही. खाली पेन्सिलने 'एम. ए. ला?' असं लिहून ठेवलं.

यानंतर मी एक चूक केली. पुण्यात मावशीच्या ओळखीने एका करिअर सल्लागाराकडे गेले. दीड हजार रुपये, पाऊण तास. त्यांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं आणि कॅनडावर आले. फ्रेंच म्हणजे कॅनडा, कॅनडा म्हणजे पीआर, तिथं कायमचं राहायचा परवाना. तुमची डेल्फ झाली की पॉइंट मिळतात, बी. ए. वगैरे कशाला? मी हरखून घरी आले. मग नीट वाचलं तर कळलं की कॅनडाच्या स्थलांतरासाठी डेल्फ चालतच नाही. त्याला टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षा लागतात, आणि त्यांचे निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. डेल्फचं प्रमाणपत्र मात्र आयुष्यभराचं. आता कुणी 'फ्रेंच म्हणजे कॅनडा' म्हणालं की मी आधी विचारते, कोणती परीक्षा? मुळात मला कॅनडाला जायचं आहे का, हे त्या पाऊण तासात कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याचा रकाना सगळ्यात सोयीचा होता. मावशीचं घर, सकाळी कुठल्या तरी कॉलेजात बी. ए., संध्याकाळी आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत पातळ्या पूर्ण करायच्या, नाहीतर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात सर्टिफिकेट, डिप्लोमा करत जायचं. पुण्यात अशी पिढ्यान् पिढ्या माणसं शिकली आहेत. डिग्री एका विषयाची आणि भाषा संध्याकाळची. मीही बहुतेक तेच केलं असतं. चौकशीला म्हणून रानडेत गेले आणि तिथं एम. ए. करणारी एक ताई भेटली. बाहेर चहा घेताना तिने विचारलं, ''तुला भाषा हवीये, साहित्य हवंय की संस्कृती?''

मी म्हटलं, साहित्य. ऐकायला बरं वाटतं म्हणून.

''शेवटची कुठली गोष्ट वाचलीस फ्रेंचमध्ये?''

एकही नाही. पाठ्यपुस्तकातले उतारे सोडले तर फ्रेंचमधलं एकही पान मी वाचलेलं नव्हतं. ती हसली नाही, तेच जास्त लागलं. तिने पिशवीतून एकोणिसाव्या शतकातल्या एका कथेची झेरॉक्स काढून दिली, चार पानांची. म्हणाली, ''ही वाच. वाचून झाल्यावर राग आला तर साहित्य घेऊ नकोस. आणि विद्यापीठांची नावं बघण्याआधी त्यांचे अभ्यासक्रम काढून वाच.''

त्या चार पानांना मला नऊ दिवस लागले. पहिल्याच परिच्छेदात 'फ्यु' असा एक शब्द आला. शब्दकोशात नाही. पुढे 'व्हँ', तोही नाही. मला वाटलं झेरॉक्स बिघडली आहे. दोन दिवस गेले तेव्हा कळलं की हा एक वेगळाच भूतकाळ आहे, 'पासे सँप्ल' नावाचा. तो बोलण्यात कुणी वापरत नाही, फक्त पुस्तकात राहतो. 'फ्यु' म्हणजे 'असणे'चं रूप, 'व्हँ' म्हणजे 'येणे'चं. परीक्षेच्या फ्रेंचमध्ये तो आम्हाला शिकवलेलाच नव्हता. बखरीत 'जाहले', 'बोलिले' असं वाचतो तशातला प्रकार. ती रूपं मी एका कागदावर मांडली, तो कागद आरशाला चिकटवला. सहाव्या दिवशी तिसऱ्या पानावर वाचता वाचता लक्षात आलं की मघापासून शब्दकोश उघडलेला नाही. गोष्टीतल्या बाईचं पुढे काय होणार, एवढंच डोक्यात होतं. राग आला नव्हता.

साहित्याचं माझ्यापुरतं तेव्हा ठरलं. नंतरची सगळी नुसती धावपळ.

अभ्यासक्रम काढून वाचायचा सल्ला मात्र मी प्रत्येकीला देते. नावं सारखी असली तरी आत बराच फरक असतो. कुठे पहिली दोन वर्षं जवळपास नुसती भाषा, कुठे ध्वनिशास्त्र आणि भाषाशास्त्र लवकर येतं, कुठे साहित्याचा इतिहास शतकवार लावलेला असतो: सतराव्यातलं नाटक, अठराव्यातले विचारवंत, एकोणिसाव्यातली कादंबरी. कुठे भाषांतराला चांगली जागा असते. 'फ्रँकोफोन' हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा पाहिला, म्हणजे फ्रान्सबाहेरचं फ्रेंच: सेनेगल, अल्जीरिया, क्यूबेक, कॅरिबियन बेटं, मॉरिशस. मॉरिशसपाशी मी थबकले. उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या मराठी लोकांची घरं तिथं एकोणिसाव्या शतकापासून आहेत, गणेशचतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, आणि तिथली मोठी वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात. माझ्या डोक्यातलं फ्रेंच तोवर आयफेल टॉवरच्या खाली उभं होतं. तिथून ते हललं.

मधला रकाना दिल्ली-हैदराबादचा. दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. जेएनयूच्या केंद्राच्या नावातच फ्रेंच आणि फ्रँकोफोन दोन्ही शब्द आहेत. तिथं बी. ए. ऑनर्सला भाषा कोऱ्या पाटीपासून शिकवतात, शिकवणीची फी वर्षाला शेकड्यांत. तो आकडा बाबांनी दोनदा तपासला, त्यांना वाटलं मी शून्य विसरले. माझी अडचण वेगळी होती. शून्यापासूनच शिकवणार तर माझं ए२ वाया? रानडेतल्या ताईला विचारलं. ती म्हणाली, ''पहिलं सेमिस्टर कंटाळशील, दुसऱ्यात बरोबरीला येशील, तिसऱ्यात रडशील. वाया काही जात नाही.'' असंच झालं, फक्त मी दुसऱ्यातच रडले.

तरी ए२ दिली ते बरं केलं. डेल्फला चार भाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकी २५ गुण, शंभरात ५० मिळाले की पास, आणि कुठल्याही एका भागात पाचच्या खाली गेलात तर बाकी कितीही असले तरी नापास. बोर्डाच्या ९३ मध्ये माझं काय कच्चं आहे ते दिसत नव्हतं, कारण ते सगळं उतारे आणि भाषांतरं घोकून मिळवलेलं. इथं लख्ख दिसलं. वाचण्यात २१, ऐकण्यात ९. पास झाले, पण तो नऊ बाबांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिला. मग रोज बसमध्ये अर्धा तास कानात फ्रेंच रेडिओ. पहिले दोन महिने फक्त हवामानाचा अंदाज कळायचा.

केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचं, म्हणजे सीयूईटीचं, फार लिहीत नाही, नियम दर वर्षी थोडे बदलतात. माझं केंद्र सोलापूरला आलं, आई सोबत आली, उन्हाने दोघी शिजलो. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सीयूईटी दिली म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला असं नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा वेगळा अर्ज भरायचा असतो, आणि त्याची मुदत थोडी असते. मी निवांत होते. बाबांनी ती तारीख पॉलिसीच्या हप्त्यासारखी गोल करून ठेवली होती. आदल्या रात्री साडेनऊला फोन: ''भरलास का? याला ग्रेस पिरियड नसतो गं.'' भरला नव्हता.

जेएनयूच्या त्या अर्जात भाषांचा पसंतिक्रम द्यावा लागतो. पहिली फ्रेंच, हे ठरलेलं. पण दुसरी काय? तिसरी? त्या क्षणी घाईघाईत दहा भाषा भरून मोकळी झालेली आणि मग भलतीच भाषा मिळाली म्हणून वर्षभर धुसफुसणारी मुलं मी नंतर पाहिली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, मी पुण्याला आणि ते दोघं साताऱ्याला, मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन. आईने विचारलं, ''फ्रेंच नाही मिळालं तर दिल्ली हवी आहे की नको?'' मी म्हटलं, स्पॅनिश चालेल, बाकी नको, मग पुणेच. दोनच भाषा भरल्या. दुसऱ्या यादीत फ्रेंच मिळालं.

राहिला बाबांचा प्रश्न, मॅच्युरिटीचा. त्या ओळीत आम्ही जे लिहिलं ते आजही खोडावं लागलेलं नाही. पुण्या-मुंबईतल्या कंपन्या भाषेच्या कामाला बहुतेक बी२ मागतात. तिथं पदवीपेक्षा पातळी बघतात. शाळेत शिकवायचं तर बी. एड. लागतं. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा, फ्रेंचची नेट आहे. भाषांतरात पैसे मिळतात, पण नाव व्हायला वर्षं जातात. बाबांनी बेरीज केली: तीन वर्षं बी. ए., दोन एम. ए., म्हणजे पाच. ''एंडाउमेंट पॉलिसी याहून लांब असते,'' असं म्हणून पान दुमडलं.

दिल्लीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मॅडमना 'त्यु' म्हणाले. फ्रेंचमध्ये तू म्हणजे 'त्यु', तुम्ही म्हणजे 'व्हू'. नियम मला येत होता. पण मॅडम आईच्या वयाच्या, तशाच प्रेमळ, आणि आईला मी तूच म्हणते. बाबांना अहो. आजीला तू, तिच्या बहिणीला तू, काकांना तुम्ही. आपल्या तू-तुम्हीचं गणित वयाचं नाही, मानाचंही पूर्ण नाही. जवळिकीचं आहे, आणि त्यातही बाई-पुरुष वेगळं. शेजारी बसलेल्या बिहारच्या मैत्रिणीच्या घरी आईलाही आप म्हणतात. ती कधी चुकली नाही. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी त्यावर अख्खा तास घेतला. त्यात एक गोष्ट कळली ती माझ्या डोक्यातून गेली नाही: फ्रेंच कॅथलिक लोक त्यांच्या मुख्य प्रार्थनेत देवाला १९६६ पर्यंत 'व्हू' म्हणत होते. त्या वर्षी प्रार्थनेचा नवा पाठ आला आणि देव 'त्यु' झाला.

आता तिसरं वर्ष संपत आलंय. पुढच्या एम. ए. चं नियोजन सुरू आहे, नवं पान, नवे रकाने. यंदा ग्रंथालयात भाषाशास्त्राचं काही शोधताना जूल ब्लॉक यांचं नाव सापडलं. मराठी भाषा कशी घडली यावर या माणसाने फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, तो १९२० मध्ये पॅरिसला छापला गेला, आणि मग वा. गो. परांजप्यांनी त्याचा मराठीत अनुवाद केला. म्हणजे आपल्या भाषेची घडण आपण फ्रेंचमधून उलटी मराठीत आणून वाचली. आईला फोन केला. तिला परांजप्यांचा अनुवाद माहीत होता, बी. एड. च्या वेळी पाहिलेला. ''तू अकरावीत सोडलीस ती हीच मराठी,'' ती म्हणाली. पाच वर्षं राखून ठेवलेलं वाक्य असावं.

त्या धाग्याने पुढे गेले तर गी दलरी भेटले. जेझुइट पंथाचे फ्रेंच पाद्री, पुण्यात राहिलेले. विठोबाच्या पंथावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापलं. त्याआधी १९५६ मध्ये त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले होते, पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनाने काढले. साताऱ्यात आमच्या दारावरून दिंड्या जातात, दर आषाढात मी त्यांना पाणी दिलंय, आणि तुकोबा फ्रेंचमध्ये आहेत हे मला कळायला दिल्ली गाठावी लागली.

एम. ए. ला भाषांतर घ्यायचं ते यामुळे ठरतंय. ते अभंगांचं पुस्तक मागवलंय, अजून हातात आलेलं नाही. आल्यावर पहिलं काय बघायचं ते पक्कं आहे. १९५६ साल, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेतला देव अजून 'व्हू'च होता. मग पाद्रीबाबांनी विठोबाला काय केलं असेल, 'त्यु' की 'व्हू'?

आईला विचारलं, तुला काय वाटतं?

''तूच असणार,'' ती म्हणाली. ''विठोबाला अहो कोण म्हणतं?''

मागून बाबांचा आवाज आला, ''रखुमाई.''